पहिल्या वर्षी कोण शिकवणार? अमेरिकेत पदवी घ्यायची तर छोटं कॉलेज की मोठं विद्यापीठ

सांगलीहून मामेभावाचा फोन आला. मुलीला ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फीमध्ये घसघशीत सवलतही होती, तरी पेढे वाटायचे की नाही यावर घरात एकमत होत नव्हतं. त्याचा पहिला प्रश्न, "हे कुठल्या युनिव्हर्सिटीला अफिलिएटेड आहे रे?" आणि दुसरा, "लिबरल आर्ट्स म्हणजे बारावी सायन्स करून पोरगी आर्ट्सला पाठवायची का?"

प्रश्न रास्त होते. मी स्वतः अमेरिकेतल्या एका अवाढव्य सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि तिथे टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवणारा पीएच.डी.चा विद्यार्थी) म्हणून पदवीच्या मुलांना शिकवलं. पुतणी मात्र अशाच एका छोट्या कॉलेजातून चार वर्षं काढून बाहेर पडली. त्यामुळे दोन्ही घरांचं माजघर पाहून झालंय. अकरावी-बारावीतल्या मुलांचे पालक हल्ली विचारत असतात, त्यांना जे सांगतो तेच इथे पायरीपायरीने लिहितो.

पायरी १: नावांचा घोळ आधी मिटवा

आपल्याकडे कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्या छत्राखालची संस्था. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, पदवीवर शिक्काही त्याचाच. अमेरिकेत तसं नसतं. विल्यम्स (१७९३), ॲमहर्स्ट (१८२१), स्वार्थमोर (१८६४), पोमोना (१८८७) ही कॉलेजं स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतात आणि पदवी स्वतःच देतात. मुलं साधारण दीड-दोन हजार, फार तर तीन हजार, आणि जवळजवळ सगळी पदवीची. पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुढचं बरंच उलगडेल.

नावावर जाऊ नका. डार्टमथ कॉलेज आणि बॉस्टन कॉलेज ही नावाला कॉलेजं, प्रत्यक्षात संशोधन विद्यापीठं. उलट कोलगेट युनिव्हर्सिटी आणि बकनेल युनिव्हर्सिटी ही नावाला विद्यापीठं, स्वभावाने छोटी कॉलेजं. खात्री करायची तर एकूण विद्यार्थ्यांत पदव्युत्तर किती, हा आकडा बघा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या 'कॉलेज नेव्हिगेटर' या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, आणि संस्थेला मान्यता आहे की नाही हेही तिथेच कळतं.

आता 'आर्ट्स'. या छोट्या कॉलेजांना 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणतात, आणि लिबरल आर्ट्समध्ये गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं येतं. इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक आणि इंटेलचा सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस १९४९ साली पदवीधर झाला तो आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात संशोधनासाठी छोटी अणुभट्टी आहे, आणि ती चालवतात पदवीची मुलं. तेव्हा आत्याबाईंनी "आर्ट्सला का घातलं?" विचारलं, तर अणुभट्टीचं नाव सांगून मोकळं व्हायचं.

रँकिंगचंही असंच. क्यूएससारख्या जागतिक याद्या संशोधन विद्यापीठांच्या असतात, त्यात विल्यम्स शोधून सापडायचं नाही. अमेरिकी कॉलेजांचं रँकिंग करणारं 'यूएस न्यूज' या कॉलेजांची यादी वेगळी काढतं. म्हणून "जगात कितवं?" या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि गल्लीत कोणी नाव ऐकलेलं नसणार हे गृहीतच धरा. तसं विल्यम्स आपल्याला अगदीच परकं नाही म्हणा. १८१३ साली मुंबईत उतरून मराठी शिकलेला आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात करणारा गॉर्डन हॉल तिथलाच पदवीधर. दोनशे वर्षांनी आपली मुलं उलट्या दिशेने निघाली आहेत, एवढंच.

पायरी २: पहिल्या वर्षाचं वेळापत्रक उघडा

इमारती, जिम, पोहण्याचा तलाव हे सगळं नंतर बघा. मुलाला घ्यायचा असलेला विषय धरा आणि पहिल्या दोन वर्षांत तो कोण शिकवणार, एवढंच शोधा.

मी जिथे टीए होतो, तिथे पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला चारशे मुलं बसायची. नाट्यगृहासारखा उतरता हॉल, मागच्या रांगांत लॅपटॉपवर क्रिकेट नाही तर फुटबॉल. आठवड्यातून एकदा या चारशेचे चोवीस-चोवीसचे गट पाडून आम्हा टीएंच्या हवाली करत. मी अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते. माझे उच्चार त्यांना कळत नव्हते, त्यांचे मला. पेपर मी तपासायचो, शंकांना उत्तरं मी द्यायचो, आणि शिफारसपत्र हवं असेल तर त्या मुलांना नावानिशी ओळखणारा माणूसही मीच. माझ्या पत्राला किंमत शून्य.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. ते प्राध्यापक मोठे नावाजलेले होते आणि दर मंगळवारी दोन तास ऑफिसचं दार उघडं टाकून बसायचे. परीक्षेचा आठवडा सोडला तर त्या दाराशी फिरकायची जेमतेम तीन मुलं. त्यातली दोघं दुसऱ्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होती, तीही लाखो डॉलरच्या यंत्रांवर. चारशेंपैकी दोघं. मोठ्या विद्यापीठात सगळं असतं, फक्त ते मागायला जावं लागतं, आणि अठराव्या वर्षी, परक्या देशात, मोडक्यातोडक्या आत्मविश्वासाने जावं लागतं.

छोट्या कॉलेजात टीए असलाच तर तो वरच्या वर्गातला मुलगा, शंका सोडवायला. वर्ग प्राध्यापकच घेतात आणि पेपरही तेच तपासतात. ग्रिनेलला पहिल्या सत्रात प्रत्येकाला एक छोटा ट्युटोरियल वर्ग घ्यावाच लागतो, आणि तो शिकवणारे प्राध्यापकच मुलाचे सल्लागार होतात. विल्यम्समधली ट्युटोरियल त्याहून कडक. दोन मुलं आणि एक प्राध्यापक. दर आठवड्याला एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात पाळी बदलायची. मागच्या बाकावर बसायची सोयच नाही, कारण मागचं बाक नाही. पुतणीच्या दोन तासिका सर्दीमुळे बुडाल्या, तर तिसऱ्या दिवशी "बरी आहेस ना?" असा ईमेल. तिला ते आवडलं. माझ्या मुलाला असं कोणी विचारलं असतं तर त्याने कॉलेज सोडलं असतं.

आकडे कुठून काढायचे? गुगलवर कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं टाका. बहुतेक संस्था हा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातल्या 'आय' विभागात किती वर्ग किती मुलांचे, ते दिलेलं असतं. पण इथे एक खाच आहे, आणि माहितीपुस्तिका तिचा पुरेपूर फायदा घेतात. ती टक्केवारी वर्गांची असते, मुलांची नाही. समजा पंधरा-पंधरा मुलांचे दहा वर्ग आहेत आणि चारशेंचा एक. अकरापैकी दहा वर्ग छोटे, म्हणजे "आमचे ९० टक्के वर्ग वीसहून लहान!" असं छापता येतं. प्रत्यक्षात ५५० जागांपैकी ४०० त्या एका हॉलमध्येच आहेत. विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचंही तेच. ज्यांच्याकडे पदवीचा एकही वर्ग नाही असे प्राध्यापकही त्यात मोजलेले असू शकतात. म्हणून सरासरीवर विसंबू नका. विद्यापीठाच्या वेळापत्रकात जा, पहिल्या वर्षाचा नेमका विषय काढा आणि त्यापुढे जागा किती ते वाचा. बर्कलीतल्या कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या विषयाला हजाराच्या वर मुलं बसलेली सत्रं झाली आहेत.

पायरी ३: मग शेवटच्या वर्षाचं उघडा

छोट्या कॉलेजांची पोल इथे उघडी पडते. गणितात फार पुढे असलेलं मूल तिथले वरचे विषय तिसऱ्या वर्षाअखेर संपवू शकतं. विभागात सात-आठ प्राध्यापक, त्यातले एक-दोन अभ्यासरजेवर, आणि कित्येक विषय एक वर्षाआड शिकवले जातात. पुतणीने ज्या विषयासाठी कॉलेज निवडलं, तो तिच्या चार वर्षांत एकदाच निघाला, तोही ती एका सत्रासाठी दुसऱ्या देशात शिकायला गेलेली असताना. कॅटलॉगमध्ये मात्र तो दिमाखात छापलेला होता. म्हणून कॅटलॉग वाचू नका, गेल्या चार सत्रांची खरी वेळापत्रकं वाचा.

मोठ्या विद्यापीठात उलट असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्ग लहान होतात, आणि तयारी असेल तर पीएच.डी.च्या वर्गातही बसता येतं. संस्कृतपासून भूकंपशास्त्रापर्यंत दुर्मीळ विषय तिथेच मिळतात. थोडक्यात, मोठ्याची सुरुवात कच्ची आणि शेवट भक्कम, छोट्याची सुरुवात भक्कम आणि शेवट आखूड. तुमचं मूल कुठे गळपटेल, हे तुम्हालाच जास्त माहीत.

काही छोट्या कॉलेजांनी यावर शेजारधर्माचा तोडगा काढला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक आणि मोठं सरकारी यूमास ॲमहर्स्ट अशा संस्थांचा संघ आहे, त्यामुळे तिथल्या मुलांना बसने जाऊन एकमेकांकडचे विषय घेता येतात. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला तर पोमोना, हार्वी मड यांच्यासह पाच कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन्हींतलं थोडं थोडं हवं असेल, तर अशी ठिकाणं यादीत वर ठेवा. मोठ्या विद्यापीठांतली ऑनर्स कॉलेजं (निवडक मुलांसाठीचे छोटे विभाग), उदाहरणार्थ ॲरिझोना स्टेटचं बॅरेट किंवा पेन स्टेटचं श्रायर, हा याच तडजोडीचा उलट नमुना.

संशोधनाबद्दल एक गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे 'आरईयू' नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम देशभर चालतात, पण ते नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच असतात. आपल्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन करायचं तर पैसा स्वतःच्या कॉलेजकडूनच यावा लागतो. तेव्हा ईमेलने थेट विचारा: आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनासाठी तुम्ही स्वतः पैसे देता का, आणि गेल्या वर्षी कितींना दिले? छोट्या कॉलेजात प्राध्यापकांना हाताखाली पदवीचीच मुलं असतात, म्हणून ही दारं तिथे सहज उघडतात. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात तर प्रत्येकाला शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन-प्रकल्प लिहावाच लागतो. मिशिगनसारख्या मोठ्या विद्यापीठातही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधनात घेणारा कार्यक्रम आहे, पण अर्ज वेळेत करणं ज्याचं त्याच्यावर.

पुढे पीएच.डी.च करायची असेल तर एवढं सांगतो: विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पाहिलं, तर स्वार्थमोर, रीड, कार्लटन, ग्रिनेल यांसारखी कॉलेजं पुढे पीएच.डी. होणारी मुलं घडवण्यात बड्या बड्या विद्यापीठांच्या बरोबरीने, कित्येकदा पुढे असतात.

पायरी ४: इंजिनिअरिंग असेल तर वेगळा हिशोब

बहुतेक छोट्या कॉलेजांत इंजिनिअरिंग नाही. अपवाद आहेत: स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड, लफायेत, बकनेल. काही कॉलेजं '३-२' योजना सांगतात, म्हणजे तीन वर्षं इथे, दोन एखाद्या विद्यापीठात, आणि दोन पदव्या. ऐकायला गोड आहे. पण पुढच्या दोन वर्षांची आर्थिक मदत कोण देणार, हे लेखी विचारा. आणि तीन वर्षांत जमवलेले मित्र सोडून जायची वेळ आली की बहुतेक मुलं जातच नाहीत, हा माझा अनुभव.

मोठ्या विद्यापीठात प्रश्न दुसराच. तिथे नुसता विद्यापीठात प्रवेश मिळून भागत नाही. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बिझनेस यांना अनेक ठिकाणी सुरुवातीलाच थेट प्रवेश लागतो. "आत्ता दुसरं काहीतरी घेऊ, मग आत जाऊन बदलू" हा आपला नेहमीचा हिशोब तिथे फसतो. छोट्या कॉलेजात मेजर, म्हणजे मुख्य विषय, बहुधा दुसऱ्या वर्षाअखेर ठरवायचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर हे शब्द आता आपल्याकडेही आले आहेत, पण दोन वर्षं सगळं चाखून मग ठरवायचं हा प्रकार आपल्या घरांना पचायला वेळ लागतो.

पायरी ५: पैसे

खरं तर ही पहिली पायरी. पण ती आधी लिहिली की लोक पुढचं वाचत नाहीत.

नामांकित छोट्या कॉलेजांचा राहण्याजेवणासकट वर्षाचा छापील खर्च हल्ली ८५ ते ९० हजार डॉलर, कधी त्याहून वर. कॅलिफोर्नियाच्या 'यूसी' सरकारी विद्यापीठांत (बर्कली त्यांतलंच) बाहेरच्या विद्यार्थ्याला ८० हजारांच्या आसपास. म्हणजे फरक फारसा नाही. फरक आहे तो मदतीत. सरकारी विद्यापीठं त्या राज्याच्या करातून चालतात, त्यामुळे परदेशी पदवी-विद्यार्थ्याला घरची परिस्थिती पाहून मदत बहुधा मिळत नाही. श्रीमंत छोट्या कॉलेजांकडे जुन्या देणग्यांचा ठेवा असतो. ॲमहर्स्ट आणि २०२२ पासून बोडन इथे परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना पैशाची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिला की ठरलेली गरज पूर्ण भागवतात. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल गरज भागवतात, पण निवड करताना तुम्ही किती मागताय ते बघतात. वूस्टर, डेनिसन, मॅकॅलेस्टर यांसारख्या कॉलेजांत गुणवत्तेवरही सवलत मिळते. आणि केंटकीतल्या बेरिया कॉलेजात कोणाकडूनच शिकवणी फी घेत नाहीत, मुलांनी कॅम्पसवर काम करायचं असतं. परदेशी मुलांसाठी जागा मात्र मोजक्याच.

कॉमन डेटा सेटचा 'एच ६' हा भाग काढा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, ते तिथे असतं. माहितीपुस्तिकेची वीस पानं वाचण्यापेक्षा ही चार ओळींची चौकट वाचा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: "आधी प्रवेश घेऊ, मदत पुढच्या वर्षी मागू" हे चालत नाही. अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने अर्जाबरोबर मदत मागितली नाही, तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. दुसरी: 'सीएसएस प्रोफाइल' या आर्थिक मदतीच्या अर्जात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही विचारतात. पगारदारांचं फॉर्म १६ आणि रिटर्नवर भागतं. शेती असलेल्यांची गोची होते. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, जमिनीचा भाव कागदावर कोटींत, आणि हातात येणारं पीक दोन लाखांचं. ते लपवू नका. शेरा लिहायच्या जागेत सरळ लिहा की जमीन वडिलोपार्जित आहे, वाटा एवढा, विकता येत नाही, आणि सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भाषांतरासह जोडा. ओहायोतल्या अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही.

पायरी ६: अर्ज

कॅलिफोर्नियाच्या यूसी विद्यापीठांचा अर्ज वेगळा असतो, मुदत नोव्हेंबरच्या अखेरीस. आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं. शिफारसपत्रं साधारण मागत नाहीत आणि एसएटी ही प्रवेशपरीक्षा पाहतच नाहीत. छोटी कॉलेजं बहुधा 'कॉमन ॲप'वर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज), ६५० शब्दांचा निबंध, वर प्रत्येकाचे आणखी प्रश्न, आणि शिक्षकांची पत्रं. एसएटी अनेक ठिकाणी ऐच्छिक, बोडनला तर १९६९ पासून.

आपल्या मुलांचं घोडं अडतं ते पत्रांपाशी. इंटिग्रेटेडवाल्या मुलाचं ज्युनिअर कॉलेजशी नातं प्रॅक्टिकलची जर्नल सही करून घेण्यापुरतं. त्या शिक्षकांनी पत्रात लिहायचं तरी काय? "हुशार, आज्ञाधारक, शिस्तप्रिय." असं पत्र न दिलेलं बरं. अकरावीपासूनच एखाद्या शिक्षकाकडे जात राहा, शंका विचारा, एखादा प्रयोग करून दाखवा. पत्राची वेळ येईल तेव्हा मुलाच्या तीन-चार खऱ्या घटना लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्या. बारावीचा निकाल लागेपर्यंत प्रवेशांचे निर्णय होऊन गेलेले असतात, तेव्हा अपेक्षित गुणांचं पत्रही कॉलेजकडून वेळेत मागा.

नोव्हेंबरमधला 'अर्ली डिसिजन' हा लवकरचा अर्ज बांधून घेणारा असतो. मिळालं की जायचंच. पैशाची घासाघीस करायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ७: गाव बघा

ग्रिनेल हे नऊ-दहा हजार वस्तीचं गाव, विमानतळ तासाभरावर. अशा गावात वाणसामानाचं एखादं मोठं दुकान, भारतीय दुकान नाही, आणि फेब्रुवारीत उणे वीस. डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का, मेसमध्ये शाकाहारी म्हणजे रोज सॅलड आणि चीजच का, हे तिथल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला विचारा. कॉलेजचं प्रवेश कार्यालय असा संपर्क आनंदाने जुळवून देतं. मोठ्या विद्यापीठाच्या गावात गणपतीला आरती असते आणि दिवाळीला फराळही मिळतो. हे किरकोळ वाटतं, पण पहिल्या ऑक्टोबरात किरकोळ नसतं.

नोकरीसाठी एफ-१ व्हिसावर शिक्षणानंतर १२ महिन्यांचा ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी), आणि विषय 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. कॉलेज छोटं की मोठं याने यात फरक पडत नाही, विषयाच्या सरकारी कोडने पडतो. काही छोट्या कॉलेजांनी अर्थशास्त्राची नोंद 'स्टेम'मध्ये करून घेतली आहे, काहींनी नाही. तो कोड विचारा. आणि हे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या वर्षी पुन्हा तपासा.

पायरी ८: १ मेच्या आत

पत्रं मार्चअखेरपर्यंत येतात, उत्तर बहुधा १ मेपर्यंत द्यायचं असतं. मधल्या महिन्यात प्रत्येक पत्रातला 'अनुदान' हा आकडा वेगळा काढा. कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची कमाई मदतीत धरू नका, त्या तुमच्याच खिशातल्या आहेत. उरलेल्या रकमेला चारने गुणा आणि दरवर्षी फी वाढते ती वर धरा. दुसरीकडून जास्त मदत आली असेल तर ते पत्र जोडून नम्रपणे फेरविचार मागा. मामेभावाने असंच लिहिलं, आणि पाच दिवसांत मदत वाढून आली.

मग डिपॉझिट, त्यानंतर आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र), परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी आणि मुंबईच्या वकिलातीची तारीख. सांगलीत पेढे वाटले गेले ते पासपोर्टवर शिक्का बसल्यावर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.